मुलुंडची निवड : भाव, पोत आणि टिकाऊपणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी संस्थेच्या कार्याचा आढावा घेतला जातो, दात्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केले जाते, हे उचितच आहे. परंतु कोणतीही संस्था अधांतरी उभी राहत नाही. ती एखाद्या वस्तीच्या आधाराने उभी राहते. माणसे येथे येऊन स्थिरावली नसती, तर ना देरासर उभे राहिले असते, ना पाठशाळा, ना हा ट्रस्ट. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय संस्थेच्याही थोडा मागे जाणारा आहे. माणसे मुलुंडला राहावयास का आली, आल्यावर येथेच का राहिली, आणि पुढील पिढीनेही येथे राहावे असे वाटत असेल तर नेमके काय जपले पाहिजे, हा तो विषय होय.

प्रश्न सोपा वाटतो आणि त्याचे उत्तरही चटकन दिले जाते, "घरे स्वस्त होती." हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. कापडाच्या दुकानात आलेले गिऱ्हाईक प्रथम भाव विचारते. भाव जमला की कापड बोटांत धरून त्याचा पोत पाहते. आणि ते कापड खरोखर कसे आहे, हे दुकानात कळतच नाही. ते घरी, पहिल्या धुण्यानंतर कळते. राहण्याच्या जागेचेही तसेच आहे. भाव, पोत आणि टिकाऊपणा या तीन कसोट्यांवर मुलुंडची निवड तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मुंबईतून बाहेर पडण्याची कारणे

मुलुंडला आलेल्या कुटुंबांपैकी फार मोठा वर्ग मूळ मुंबई शहरातून आला. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी, मांडवी, गिरगाव हे त्यांचे पहिले मुक्काम. मुळजी जेठा मार्केट, मंगलदास मार्केट, स्वदेशी मार्केट येथे पेढी किंवा नोकरी, आणि तेथून चालत जाता येईल अशा चाळीत बिऱ्हाड, अशी ती रचना होती. पेढी आणि घर यांत अंतर नव्हते. पण घरात माणसाला हातपाय पसरण्याइतकीही जागा नव्हती. एका खोलीत दोन भावांचे संसार, रात्री गॅलरीत अंथरूण आणि सकाळी सामाईक नळावर रांग, हे चित्र घरोघरी होते.

दाटीतून बाहेर पडण्याचा विचार मात्र त्याहून जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि ती प्रथम मांडवीसारख्या दाट वस्तीत दिसली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा येथे आखीव वसाहती वसविल्या. हवा, उजेड आणि मोकळी जागा या चैनीच्या गोष्टी नसून आरोग्याच्या गरजा आहेत, हे मुंबईकराला त्या साथीने शिकविले.

दुसरे कारण कायद्याचे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण घरमालकाला डागडुजीत रस उरला नाही आणि भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधण्यात कोणी पैसा घालेना. रिकामी खोली मिळाली तरी पागडी मोजल्याशिवाय ती हाती येत नसे. धाकट्या भावाचे लग्न ठरले की घरात पहिला प्रश्न पडे तो खोलीचा. पागडीच्या रकमेत शहराबाहेर स्वतःच्या मालकीचे घर मिळते, असे लक्षात आल्यावर माणसांची नजर रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेकडे वळली.

आखून वसविलेले गाव

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुलुंडच्या शिवारातूनच धावली. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे मुलुंड हे शेती, गवताची कुरणे आणि पूर्वेकडील मिठागरे असलेले गाव होते. त्याचा कायापालट झाला तो १९२२ साली. क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी रेल्वे स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंतच्या भागाचा आराखडा तयार केला. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि मधे चौकोनी भूखंड, अशी ती आखणी होती. मुंबईची बहुतेक उपनगरे आधी वसली आणि नंतर त्यांत रस्ते शोधावे लागले. मुलुंड पश्चिमेत आधी रस्ते आखले गेले आणि मग माणसे आली.

या एका गोष्टीचे महत्त्व पुष्कळदा ध्यानात येत नाही. चौकटीच्या आखणीत कोणताही एक रस्ता बंद झाला तरी शेजारचा रस्ता खुला असतो. स्थानकाकडून येताना बाजार वाटेवरच लागतो. भाजी, किराणा, औषध घेऊन मनुष्य घरी पोहोचतो. शाळकरी मुलाला महामार्ग ओलांडावा लागत नाही. वृद्धाला चढउतार करावा लागत नाही. रस्त्याच्या दुतर्फा लावलेली झाडे शंभर वर्षांत मोठी झाली. हा पोत पहिल्या पिढीने विकत घेतला नव्हता. तो तिला भावाबरोबर न मागता मिळाला.

१९२५ साली मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली आणि पुढील काही वर्षांत मुख्य मार्गावर ती मुलुंड ओलांडून कल्याणपर्यंत गेली. १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांना मुलुंडच्या छावणीत आसरा मिळाला. आजची मुलुंड कॉलनी ती हीच. १ फेब्रुवारी १९५७ रोजी महापालिकेची हद्द मुलुंडपर्यंत वाढली. ठाण्याच्या उंबरठ्यावरचे हे गाव मुंबईचे शेवटचे उपनगर बनले. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादुर शास्त्री मार्गाच्या, कडेने औषधांचे आणि अभियांत्रिकीचे कारखाने उभे राहिले व त्यांत नोकऱ्या निर्माण झाल्या. तानसाच्या जलवाहिन्या मुलुंडमधूनच शहराकडे जातात. वीज मात्र आजही महावितरणची. पालिका मुंबईची आणि वीज राज्याची, अशी ही सीमेवरची वस्ती आहे.

१९६३ साली महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. गाळा विकत घेणाऱ्याशी नोंदणीकृत करार करणे आणि पुढे जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून देणे हे बांधकाम करणाऱ्याचे कर्तव्य ठरले. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सोसायटीला चौकट दिलीच होती. भाडेकरू म्हणून जगलेल्या मध्यमवर्गीय माणसाला या दोन कायद्यांनी मालक होण्याचे धैर्य दिले. तळमजला अधिक तीन मजले, उद्वाहन नाही, पण दारावर स्वतःच्या नावाची पाटी! त्या पाटीचे मोल ज्यांनी पागडीच्या खोलीत आयुष्य काढले त्यांनाच ठाऊक.

पहिल्याला भाव आणतो, दुसऱ्याला भाऊ आणतो

वस्ती वाढते कशी, हे पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पहिले कुटुंब भावाचा हिशोब करून येते. दुसरे कुटुंब हिशोब फारसा करीत नाही; पहिले तेथे सुखाने राहते, एवढे त्याला पुरते. थोरला भाऊ आला, म्हणून धाकटा आला. बहीण जवळ असावी, म्हणून मेहुणा आला. एकाच गावाकडचे चार लोक आहेत, म्हणून पाचवा आला. कच्छी, गुजराती, मारवाडी, महाराष्ट्रीय, दाक्षिणात्य, सिंधी आणि पंजाबी, मुलुंडमधील प्रत्येक समाजाची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. पूर्वेकडील गव्हाणपाडा, नवघर, मिठागर रस्ता या भागांत मराठी मध्यमवर्ग याच रीतीने स्थिरावला.

माणसे जमली की त्यांच्या गरजा जमतात आणि गरजांतून संस्था उभ्या राहतात. १९७० साली मुलुंड वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. १९८४ साली पूर्वेला वझे महाविद्यालय निघाले. उच्च शिक्षणासाठी मुलीला दूर पाठविण्यास कचरणाऱ्या अनेक घरांतील मुली त्यामुळे पदवीधर झाल्या. पालिकेची अगरवाल आणि सावरकर ही रुग्णालये, कालिदास नाट्यमंदिर, त्याला लागून असलेले क्रीडासंकुल, दोन्ही बाजूंचे बाजार, मंदिरे, देरासरे, गुरुद्वारा, चर्च, मशीद, सर्व काही एका गावाच्या आवाक्यात आले. २०११ च्या जनगणनेत मुलुंडचा समावेश असलेल्या टी विभागाची लोकसंख्या ३ लाख ४० हजारांच्या आसपास होती. एखाद्या जिल्ह्याच्या शहराएवढी ही वस्ती आहे. तरीही येथील माणूस "जरा गावात जाऊन येतो" असे म्हणत नाही, "स्टेशनला जाऊन येतो" असे म्हणतो. कारण स्टेशन हेच त्याचे गाव, तोच त्याचा चौक.

जैन कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. देरासर पायी जाता येण्याच्या अंतरावर असावे, पाठशाळेत मूल एकटे जाऊ शकावे, साधू-साध्वींच्या गोचरीला घरे जवळजवळ असावीत, चातुर्मासात उपाश्रयातील प्रवचन ऐकून वेळेवर घरी परतता यावे. साधू-साध्वी वाहन वापरत नाहीत. त्यामुळे जेथे पायी चालणाऱ्याची सोय आहे, तेथेच चतुर्विध संघ खऱ्या अर्थाने नांदू शकतो. श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे व्रत दिशांच्या मर्यादेचे आहे. आपल्या येण्याजाण्याला, व्यवहाराच्या पसाऱ्याला माणसाने स्वतःहून सीमा घालावी, असा त्याचा आशय. नगररचनेची पुस्तके ज्याला पायी अंतरावरची वस्ती म्हणतात, त्याचे बीज या व्रताच्या विचारात आहे. ज्याचे देरासर, दुकान, शाळा आणि दवाखाना अर्ध्या कोसात आहे, त्याचा पसारा आपोआप आवरला जातो.

स्वस्त घराची न दिसणारी किंमत

परंतु व्यापारी माणसाने जमेची बाजू वाचून दाखविताना खर्चाचे पान चिकटवून ठेवू नये. मुलुंडच्या घराची किंमत केवळ खरेदीखतात लिहिलेली नव्हती. तिचा मोठा हिस्सा रोजच्या गाडीत चुकता होत होता. मुलुंडहून मशीद बंदरापर्यंत जाताना साधारण एक तास आणि येताना एक तास, तोही बहुतेक वेळा उभ्याने. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या माणसाने आयुष्यातील काही वर्षे लोकलच्या डब्यात काढली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुले झोपेत असताना वडील निघत आणि मुले झोपल्यावर परतत.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण याहून निराळी. हिवाळ्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्या वेळी बाजारातला माणूस अजून गादीवरच असतो. चाळीतील बिऱ्हाडात असताना तो दहा मिनिटांत घरी जाऊन, सूर्यास्तापूर्वी जेवून परत पेढीवर येऊ शकत असे. मुलुंडला आल्यावर ते शक्य उरले नाही. कोणी दुपारच्या डब्याबरोबर संध्याकाळचा डबा नेऊ लागले, कोणी बाजारातच सोय लावली, आणि कोणाचे व्रत हळूहळू सुटले. घराने हवा दिली, उजेड दिला; पण संध्याकाळचे एकत्र जेवण नेले.

पूर्वेकडील रहिवाशांनी तर वेगळीच किंमत मोजली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलुंडच्या कचराभूमीवर शहराचा कचरा येऊन पडत असे. तिची दुर्गंधी आणि आग लागल्यावर येणारा धूर आजूबाजूच्या वस्त्यांनी जवळजवळ ५० वर्षे सोसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथे कचरा टाकणे बंद झाले. घर स्वस्त का आहे, याचा शोध घेणाऱ्याला पुष्कळदा असे उत्तर मिळते की, शहराला नको असलेले काहीतरी त्या घराजवळ आणून ठेवले आहे.

धुण्यानंतरची परीक्षा

कापडाचा खरा रंग पाण्यात कळतो, असे म्हणतात. मुलुंडची अशी परीक्षा अक्षरशः पाण्यात झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या थांबल्या आणि हजारो माणसे रात्रभर चालत राहिली. त्या रात्री ज्यांचे काम उपनगरातच होते ते घरी होते आणि ज्यांचे काम शहरात होते त्यांच्या घरचे खिडकीशी उभे होते. अंतर म्हणजे काय, हे त्या रात्रीने दाखविले.

दुसरी परीक्षा मार्च २०२० मध्ये आली. कोरोनाच्या टाळेबंदीत लोकल बंद झाली आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठी ती वेळेच्या बंधनासह पुन्हा खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजी. ज्या गाडीच्या भरवशावर उपनगरे वसली, ती गाडीच नाहीशी झाली. तेव्हा कोणते उपनगर टिकते? जेथे किराणावाला ओळखीचा आहे, औषधाचे दुकान चालत जाता येण्यासारखे आहे, शेजारचा मुलगा वरच्या मजल्यावरील आजोबांना दूध आणून देतो, ते टिकते. मुलुंडच्या जुन्या गल्ल्यांत हे घडले. स्वस्तपणाचा तेव्हा उपयोग झाला नाही. घरापासून दुकानापर्यंतच्या शंभर पावलांचा झाला. माणूस भावासाठी येतो आणि या शंभर पावलांसाठी राहतो, हे या व्याख्यानाचे सार आहे.

बदललेला व्यवहार

दरम्यान व्यवहारही बदलला. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर मुंबईच्या गिरण्यांना पूर्वीचे दिवस पुन्हा दिसले नाहीत. कापड भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरतच्या यंत्रमागांवरून येऊ लागले. मुंबईच्या जकातीपासून दूर राहण्यासाठी भिवंडीत गोदामे वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुलुंडच्या नाक्यावरची जकात संपली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा पथकरही माफ झाला. पूर्वी मुलुंड हे शहराचे शेवटचे टोक होते; आता मुंबईची पेढी, ठाण्याचे गिऱ्हाईक आणि भिवंडीचे गोदाम यांच्या मधोमध ते आले आहे. ज्यांनी वेळीच व्यवसाय इकडे आणला, त्यांना संध्याकाळचे जेवण परत मिळाले.

पण मध्यावर आलेल्या जागेचा भाव वाढतो. लालबहादुर शास्त्री मार्गावरील अनेक कारखान्यांच्या जागी उत्तुंग इमारती झाल्या. २०१८ साली विकास नियंत्रणाची नवी नियमावली लागू झाली आणि जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाला गती आली. तीन मजल्यांच्या जागी वीस आणि पंचवीस मजले उभे राहत आहेत. उद्वाहन आले, मोठे गाळे आले, वाहनतळ आले. वृद्धांना जिने चढणे अशक्य झाले होते. त्यांच्यासाठी हे वरदानच आहे. मात्र पहिल्या पिढीला येथे आणणारा तो भाव आता येथे राहिला नाही. नोकरी करणारा नातू लग्नानंतर घोडबंदर, कल्याण किंवा डोंबिवलीला घर पाहतो. आजोबा मुलुंडला आणि नातू दोन गाड्या बदलून येण्याच्या अंतरावर, अशी आज अनेक घरांची स्थिती आहे. भुलेश्वरची चाळ जशी एके काळी रिकामी झाली, तसे मुलुंडचे घर उद्या केवळ म्हाताऱ्यांचे होऊ नये, ही चिंता वाहण्याची वेळ आली आहे.

काय जपावे

या संदर्भात तीन गोष्टी नम्रपणे मांडणे आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट पुनर्विकासाची. ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांच्या संमतीने पुनर्विकासाचा निर्णय घेता येतो. ५१ टक्के हे कायद्याचे माप आहे. शेजारधर्माचे माप त्याहून मोठे आहे. उरलेल्या ४९ टक्क्यांत बहुधा एकटी राहणारी विधवा असते, दुसरीकडे हलण्याची भीती वाटणारे आजारी गृहस्थ असतात. ते पैशांसाठी अडून बसलेले नसतात. त्यांना आपले देरासर, आपला डॉक्टर आणि आपली गल्ली सुटण्याची भीती असते. म्हणून बांधकाम काळात भाड्याचे घर त्याच परिसरात मिळवून देणे, चटई क्षेत्राचा लेखी हिशोब घेणे, बँकेची हमी घेणे आणि जमिनीचे अभिहस्तांतरण आधी पूर्ण करून घेणे, ही कामे सोसायटीतील जाणत्या व्यापाऱ्यांनी अंगावर घ्यावीत. हिशोब तपासण्याचे ज्ञान पेढीपुरते ठेवू नये. तसेच नव्या आराखड्यात पदपथ, झाडे आणि तळमजल्यावरील छोटी दुकाने यांचा आग्रह धरावा. ती शंभर पावले वाहनतळाच्या भिंतीआड गेली, तर घर मोठे होईल पण मुलुंड लहान होईल.

दुसरी गोष्ट तरुणांची. ज्यांच्याकडे येथे दुसरा गाळा आहे, त्यांनी तो अधिक भाड्याच्या आशेने कुलूप लावून ठेवण्यापेक्षा नवविवाहित जोडप्याला परवडेल अशा भाड्याने द्यावा. साधर्मिक भक्तीचा अर्थ केवळ स्वामीवात्सल्याच्या भोजनापुरता नाही. अशा गाळ्यांची नोंदवही ट्रस्टने ठेवली, तर सुवर्णमहोत्सवाचे ते चिरस्थायी स्मारक ठरेल.

तिसरी गोष्ट सांगण्यास थोडी कठीण आहे, परंतु ती घरातल्या माणसांनाच सांगावयाची असते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेत एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची तक्रार पुढे आली आणि तिची चर्चा राज्यभर झाली. त्या प्रकरणात कोण चुकले, हा येथील विषय नाही. पण असा प्रकार ऐकल्यावर प्रत्येक सोसायटीने स्वतःच्या दाराकडे पाहावे. आहाराचे नियम हे साधकाच्या संयमासाठी असतात. ते स्वतःच्या ताटात कसोशीने पाळावेत; शेजाऱ्याचे आडनाव विचारण्याचे साधन म्हणून ते वापरले गेले, तर त्या नियमांचेच तेज कमी होते. ज्या गावाने पागडीला कंटाळलेल्या माणसाला, फाळणीने उखडलेल्या माणसाला आणि दुष्काळाने हलविलेल्या माणसाला न विचारता जागा दिली, त्या गावात दाराची कडी आतून लावण्याचा अधिकार कोणाचाच नाही. अनेकांताचा विचार सांगणाऱ्या समाजाला हे अधिक सांगण्याची आवश्यकता नसावी. शिवाय टाळेबंदीत वरच्या मजल्यावर दूध पोहोचविणाऱ्या मुलाचे आडनाव तेव्हा कोणी विचारले नव्हते, याचेही स्मरण ठेवावे.

बंधू-भगिनींनो, माणसे विशिष्ट ठिकाणी का राहतात, या प्रश्नाचे उत्तर दलालाच्या कागदावर मिळत नाही. तेथे चौरस फूट असतात, स्थानकापासूनची मिनिटे असतात आणि भाव असतो. पण सकाळी पूजेची वाटी हातात घेऊन निघालेल्या आजीला वाटेत किती जण थांबून विचारतात, "आज उशीर झाला का?", याची नोंद तेथे नसते. ज्या दिवशी तिला हे विचारणारे कोणी उरणार नाही, त्या दिवशी मुलुंडचा भाव कितीही असला तरी त्याचा पोत गेलेला असेल.

पहिल्या पिढीला ही जागा स्वस्तात मिळाली. दुसऱ्या पिढीने ती राहण्याजोगी केली. तिसऱ्या पिढीने ती सर्वांसाठी राहण्याजोगी ठेवावी, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षाची अपेक्षा आणि हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!